मेंटेनन्स आहे, न चुकता यावे

कुठल्याही दवाखान्यात दोन गोष्टी साठत जातात. विसरलेल्या छत्र्या आणि किस्से. छत्र्यांना कधीतरी मालक सापडतो. किस्से न्यायला कुणी येत नाही, ते आपल्याच डोक्यात पडून राहतात. मी बीडमधल्या एका मानसोपचाराच्या दवाखान्यात काम करते आणि माझ्या डोक्यात आता पाय ठेवायला जागा उरलेली नाही. म्हणून लिहून काढतेय. नावं बदलली आहेत. गावं मात्र बदलली नाहीत, कारण दिंद्रुडच्या माणसाला परळीचा केला तर तो भांडायला थेट दवाखान्यात येईल!

सुरुवात मात्र त्या शुक्रवारापासून करते.

आमच्याकडे एक मशीन आहे. डोक्याजवळ चुंबकाची कॉइल धरायची, ती टकटक वाजते आणि उदासीच्या आजारात झोपी गेलेला मेंदूचा भाग हळूहळू जागा होतो. शॉक नाही, भूल नाही. माणूस खुर्चीत बसून जागाच असतो. आधी महिना-सव्वा महिना रोज यायचं. बरं वाटलं की मग महिन्यातून एकदा, आजार परत फिरून येऊ नये म्हणून. ह्या महिन्याच्या फेरीला डॉक्टरी भाषेत 'मेंटेनन्स' म्हणतात. ह्या एका शब्दानं आम्हाला किती छळलंय ते पुढे येईलच.

तर महालिंगअप्पा. दिंद्रुडचे किराणा दुकानदार, साठीचे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे. मशीनसाठी डोक्याला जी टोपी घालतो तिच्यावर त्या पट्ट्यांचा ठसा उमटतो, त्यामुळे अप्पांची टोपी कुठली हे कधी शोधावं लागत नाही. उदासीनं अप्पांना दोनदा खाली बसवलं. दुसऱ्यांदा तर सात महिने दुकानाचं शटर अर्धं खाली. आत अप्पा, अप्पांसमोर भिंत. दोन्ही वेळा आजार आला तो पाऊल न वाजवता. आधी बोलणं आटलं, मग जेवण, मग शटर. तिसऱ्यांदा हे होऊ द्यायचं नाही, म्हणून सरांनी, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, मेंटेनन्स लावून दिलं.

सेशन संपलं की अप्पा टकटकीसाठी घातलेले कानातले बोळे काढायचे आणि दर वेळी म्हणायचे, "वरून चार टोले टाक की पोरी. कोथिंबिरीची जुडी घेतली तरी बाई वरून दोन मिरच्या टाकती!"

"अप्पा, मशीन आपोआप थांबतं."

"मंग मशीनीला सांग, गिऱ्हाईक जुनं हाय."

त्या शुक्रवारी मशीन थांबलं. अप्पांनी बोळे काढून माझ्या तळहातावर ठेवले. चपला घातल्या. "येतो" म्हणाले आणि गेले.

मी बोळे घेऊन तशीच उभी. मग पळत नसीमा सिस्टरकडे गेले. "सिस्टर, अप्पांनी आज वरून मागितले नाहीत!"

"मागितले असते तर तू दिले असतेस?"

"नाही."

"मग?"

सरांना सांगितलं. सर हसले नाहीत. पुढची तारीख महिन्यानंतरची होती, ती त्यांनी पंधरा दिवसांवर आणली. तेव्हा तर मी जास्तच घाबरले.

*

मी मुळात दचकणारी आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. कुकरच्या शिट्टीला मी दचकते. दुसऱ्याच्या कुकरच्या शिट्टीलाही दचकते. सायकॉलॉजीत बी.ए. केलं तेव्हा घरच्यांना वाटलं, आता हिचं काहीतरी होईल. झालं ते असं.

पहिला दिवस. खुर्चीत एक रिटायर्ड गुरुजी. सरांनी मला कॉइल कशी धरायची ते दाखवलं आणि बटण दाबलं. टक्! मी किंचाळले आणि जे हाताला लागलं त्याला मिठी मारली. हाताला गुरुजी लागले.

गुरुजी जागचे हलले नाहीत. शांतपणे म्हणाले, "बाळ, पयल्यांदा असंच हुतं. दोन दिवसांत सवय लागती." मग स्वतः उठून मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, वर कानातला एक बोळाही काढून दिला.

संध्याकाळी फाइलमध्ये सरांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: "पेशंट उत्तम. टेक्निशियन निरीक्षणाखाली."

*

मशीन किती जोरात चालवायचं ते माणसागणिक ठरतं. त्यासाठी डोक्यावर एक जागा शोधावी लागते. तिथे टक् केलं की दुसऱ्या बाजूच्या हाताचा अंगठा आपोआप उडतो. आम्हाला ह्यात विशेष काही वाटत नाही. पण एकदा तालुक्यातले एक पुढारी आले. त्यांना नुसतं भाऊ म्हणू. मागच्या दारानं आले, गाडी दोन गल्ल्या सोडून लावली. खुर्चीत बसले.

टक्! भाऊंचा अंगठा उडाला.

भाऊंनी अंगठ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "कुणी हलवला?"

"मशीननं."

"मी तर न्हाई हलवला."

"तेच तर. मशीननंच."

"पुन्यांदा करा."

टक्! पुन्हा उडाला. भाऊंनी चौथ्यांदा खात्री करून घेतली आणि सरांना जवळ बोलावलं. एकदम हलक्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, ह्या अंगठ्याच्या ठशावर आख्खी सोसायटी चालती. अशी मशीन तालुक्यात आजून कुणाकडं हाय?"

"नाही हो. एवढी एकच."

"मंग कुणाला दाखवू बी नका!"

त्यानंतर प्रत्येक सेशनला भाऊ मूठ आवळून बसायचे. अंगठा आत.

*

पालीच्या गयाबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा तीन आठवडे घरात कुणाशी बोललेल्या नव्हत्या. सोबत मालक, दगडूकाका. कॉइलजवळ धातू चालत नाही, म्हणून मी गयाबाईंच्या डोक्यातले आकडे, पिना, कानातलं, सगळं काढून ताटलीत ठेवत होते आणि समजावत होते, "मावशी, हे साधं चुंबक नाही. लई ताकदीचं आहे."

दगडूकाका दारात बसून सगळं लक्ष देऊन ऐकत होते. मला वाटलं, बायकोची किती काळजी!

आठव्या दिवशी मी आत आले तर काका कॉइलला टेप लावून मोजत होते. आमची कॉइल इंग्रजी आठच्या आकाराची आहे. काकांनी ती आडवी मोजली, उभी मोजली.

"काका, काय चाललंय?"

"साडेसहा इंची बोअर हाय आपला. मोटर काढताना पाना पडलाय आत. ही चकती आडवी जात न्हाई, पर उभी जाईल असं वाटायलंय."

मी सरांना हाक मारली. सरांनी समजावलं की हे मशीन लाखमोलाचं आहे, पाण्यात सोडत नाहीत, आणि त्यानं पाना निघत नसतो, मन निघतं. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"रविवारी तर दवाखाना बंदच असतोय की!"

आणि तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. गयाबाईंचा. "आवं, मी हितं बरी व्हायला आलेय का तुमचा पाना काढायला?"

आम्ही सगळे गार! सरांनी लगेच पेन काढलं आणि फाइलमध्ये ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं, पान्यासकट. काकांचा चेहरा मात्र पडलेलाच होता. जाताना मला म्हणाले, "बरी झाली ते ब्येस झालं. पर पाना नवा हुता."

*

आता तो शब्द.

महिन्याच्या पेशंटांना आठवण म्हणून मेसेज पाठवायचं ठरलं. मजकूर मी लिहिला, शुद्धलेखन तपासलं, आणि अठरा जणांना पाठवला: "शुक्रवारी आपले मेंटेनन्स आहे, न चुकता यावे."

शुक्रवारी एकच माणूस आला. म्हणजे अठरापैकी सतरा आले नाहीत.

मी रडकुंडीला. नसीमा सिस्टरनं माझ्या हातातून मोबाईल घेतला, मेसेज वाचला आणि कपाळाला हात लावला. "अगं ए शहाणे, आपल्याकडं मेंटेनन्स म्हणजे काय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या जिल्ह्यात मेंटेनन्स एकाच गोष्टीचं असतं. सकाळी लाईट जाते, दळण राहतं, बोअर बंद पडतो, आणि कुणी विचारलं "लाईट कावून न्हाई?" तर उत्तर येतं, "आज मेंटेनन्स हाय." म्हणजे लोकांनी काय वाचलं? शुक्रवारी दवाखान्याला लाईट नाही! दोघांनी तर उत्तरही पाठवलं होतं. एकानं "कळवल्याबद्दल आभार," आणि दुसऱ्यानं "कधी येणार?"

तो आलेला एकुलता एक माणूस म्हणजे महालिंगअप्पा. हातात चार सेलची भलीमोठी बॅटरी. लख्ख ट्यूबलाईटखाली उभे राहून इकडे तिकडे बघायला लागले.

"अप्पा, बॅटरी कशाला?"

"तूच तर लिवलंस ना, मेंटेनन्स हाय, न चुकता यावं! म्हणलं लाईट नसताना डॉक्टर बोलावतोय, म्हंजे अंधारात कायतरी हुडकायचं असंल."

सेशनभर अप्पांनी ती बॅटरी मांडीवर चालू ठेवली होती. आणली ती आणली, म्हणाले, सेल कशाला फुकट न्यायचे!

*

मग शब्द बदलला. मीच सुचवलं, 'सर्व्हिसिंग'. म्हटलं गाडी तर सगळ्यांकडे असते. नीट कळेल.

मांजरसुंब्याला एक ढाबेवाले नाना आहेत. त्यांच्या मुलाला, संतोषला मेसेज गेला: "उद्या सकाळी दहाला नानांचे सर्व्हिसिंग आहे."

दहाला संतोष नानांना घेऊन हजर. काउंटरवर येऊन म्हणाला, "मॅडम, नानाला सोडून जाऊ का थांबू? धुऊन बी देता का?"

मी म्हटलं, "वीस मिनिटं लागतील. थांबा."

वीस मिनिटांनी नाना बाहेर आले. संतोष उठला, त्यांच्याभोवती एक चक्कर मारली. "ट्रायल घेतो," म्हणाला आणि विचारायला लागला, "नाना, आपल्या भज्यात ववा किती पडतोय?"

नाना गप्प.

"नाना, कोपऱ्यातल्या बाजंवर कोण ड्रायव्हर झोपतोय?"

नाना गप्प. संतोष माझ्याकडे वळला, तक्रारीच्या सुरात, "मॅडम, आवाज येईना."

फाट्! नानांनी अशी एक ठेवून दिली की बाहेर चहावाल्यानं मान वर केली. "बापाची ट्रायल घेतो का बे!"

संतोष गाल चोळत, खूश होऊन, "पिकअप आला मॅडम. जातो."

*

तिसरा प्रयत्न नसीमा सिस्टरचा. म्हणाली, शब्दच नको. साधं लिही, "डॉक्टरांनी भेटायला बोलावले आहे."

एका पेशंटच्या मागे टेम्पोतून तेरा माणसं आली. दोन आत्या दारापासूनच रडत. एका म्हाताऱ्यानं सरांचे हात धरले आणि म्हणाला, "डॉक्टर, खरं काय ते आमाला सांगा, पोराला सांगू नका." पोरगं मधोमध उभं, ठणठणीत, केळं खात. परत जाईपर्यंत ते केळं त्याच्या घशाखाली उतरलं नाही, इतकं सगळ्यांनी मिळून त्याला घाबरवलं.

तेव्हापासून मेसेज बंद. आता मी स्वतः एकेकाला फोन करते. मला फोन करायची भीती वाटते, हे सरांना माहीत आहे. म्हणूनच हे काम माझ्याकडे दिलंय, असं सिस्टरचं मत आहे.

*

फोनवर सगळ्यात अवघड शब्द म्हणजे 'बरंय'.

आपल्याकडे माणूस कसाही असो, विचारलं की म्हणतो, "बरंय." बैल मेला, बरंय. पोरगं पास झालं, बरंय. सर म्हणतात, "बरंय हे उत्तर नसतं, बरंयची चाल ऐकायची." एक बरंय असतं गळ्यातून, म्हणजे खरोखर बरं. एक असतं नाकातून, म्हणजे फोन ठेव. आणि एक असतं जे कुठूनच येत नाही. नुसतं पडतं. ते आलं की मला लगेच सांगायचं.

अप्पांच्या त्या अलीकडे आणलेल्या तारखेच्या तीन दिवस आधी मी फोन केला. कागदावर वाक्यं लिहून घेतली होती.

"अप्पा, कसे आहात?"

"बरंय."

पडलं.

"अप्पा, जेवण?"

"बरंय."

"शुक्रवारी येताय ना? अकरा वाजता?"

मग अप्पांच्या बायकोचा, काकूंचा आवाज आला. त्यांनी फोन काढून घेतला होता. "जेवतेत गं. दुकानात बसतेत. पर बसतेत म्हंजे, नुसते बसतेत. काल गिऱ्हाइकानं साखर मागितली तर ह्यांनी मीठ दिलं, आन गिऱ्हाईक बी तसंच घेऊन गेलं. शुक्रवारी आणते मी त्यांला. तू काळजी करू नको."

'काळजी करू नको' हे वाक्य मला सांगून आजवर कुणाचंही भलं झालेलं नाही.

सरांना सांगितलं. ते काकूंशी बोलले, गोळ्या नीट चालू आहेत का विचारलं, त्यांना एकटं सोडू नका म्हणाले. फोन ठेवला. "शुक्रवारचं सेशन चुकायला नको," एवढंच म्हणाले.

*

शुक्रवार. अप्पा वेळेच्या आधी पाऊण तास येऊन बसणारा माणूस. अकरा वाजले. सव्वाअकरा. साडेअकरा. त्यांची टोपी टेबलावर, तीन पांढऱ्या पट्ट्यांसकट.

अप्पांचा मोबाईल लावला. स्विच ऑफ. पुन्हा लावला. स्विच ऑफ. त्या रेकॉर्ड केलेल्या बाईला मी दोनदा "प्लीज" म्हणाले.

"एसटीत असतील," सिस्टर म्हणाली. पण ती सुद्धा दाराकडेच बघत होती.

बारा. साडेबारा. सर दोन पेशंटांच्या मधे बाहेर आले. "लावत राहा. दोनपर्यंत लागला नाही तर मी गाडी काढतो. दिंद्रुडला जाऊन येऊ."

फाइलच्या पहिल्या पानावर एक रकाना असतो, तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं. मी आजवर कधी तो उघडून बघितला नव्हता. मेंटेनन्स सुरू झाल्यावर अप्पांनी स्वतःच्या हातानं भरलेला. आकडे दुकानदारी वळणाचे, सात कुठला अन् एक कुठला कळेना. एकेक आकडा बोटानं धरत मी माझ्या मोबाईलवरून नंबर लावला.

रिंग गेली! आणि नेमका त्याच क्षणी माझ्या समोरचा दवाखान्याचा फोन वाजायला लागला. मी दचकून खुर्चीसकट मागे. एका कानाला मोबाईल, दुसऱ्या हातानं टेबलावरचा फोन उचलला.

"हॅलो?"

मोबाईलमध्येही कुणीतरी बाई म्हणाली, "हॅलो?"

उचलला! माझ्या जिवात जीव आला. टेबलावरच्या फोनकडे दुर्लक्ष करून मी घाईघाईनं मोबाईलवर म्हणाले, "मी दवाखान्यातून बोलतेय."

तीही म्हणाली, "मी दवाखान्यातून बोलतेय."

"अहो, अप्पा आलेले नाहीत!"

तिच्याकडेही आलेले नव्हते. तिचा आवाज इतका घाबरलेला होता की मला तिचीच काळजी वाटायला लागली.

नसीमा सिस्टर आली, माझ्या दोन्ही हातांतले फोन काढून घेतले आणि दोन्ही बंद केले. "दोन्हीकडं तूच आहेस," म्हणाली.

मी रकाना पुन्हा वाचला. नंबर दवाखान्याचा. नाव: 'मशीनवाल्या मॅडम'. शेजारी 'नाते' असं छापलेलं, तिथे अप्पांच्या अक्षरात: 'पोरगी'.

सिस्टरनं वाचलं. मला पाणी आणून दिलं आणि तिथेच उभी राहिली.

मग तिलाच सुचलं. भिंतीवरचं कॅलेंडर! गेल्या दिवाळीत अप्पांनीच आणून लावलेलं, त्यांच्या दुकानाचं. सालभर मी त्यावर तारखा बघत होते, खाली बारीक अक्षरात दुकानाचा नंबर आहे हे दिसलंच नव्हतं.

लावला. रिंग गेली, संपली. पुन्हा लावला. संपली. डोळ्यांसमोर अर्धं शटर. पुन्हा. पुन्हा. दोन वाजले. सर गाडीची किल्ली घेऊन माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मी अकराव्यांदा लावला. रिंग... रिंग... रिंग... आणि कुणीतरी उचलला.

पलीकडे नुसता कल्लोळ. डबे आदळल्यासारखा आवाज, दोन-तीन माणसं एकदम बोलतायत, कुणीतरी पुरुष वरच्या पट्टीत ओरडतोय.

"हॅलो! काकू? काकू, मी दवाखान्यातून... अप्पा कुठंयत? अप्पा कसे..."

"श्शूऽऽ!" काकू फोनला तोंड लावून कुजबुजल्या. "हळू बोल गं माय! सकाळधरनं गिऱ्हाइकांशी भांडायलेत हे, एसटी बी गेली. लई दिवसानं भांडायलेत... मधी आवाज झाला तर थांबतेल!"